एकाच गावाला दोनदा

ऑस्ट्रियाला जाऊन आले म्हटलं की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत लगेच विचारतात, "अजून काय काय केलं?" पॅरिस केलं का, व्हेनिस केलं का, स्वित्झर्लंड तर केलंच असेल. देश हे करायचे असतात, पोळ्या केल्यासारखे. मी सांगते, एकच गाव केलं. जानेवारीत केलं आणि जूनमध्ये पुन्हा तेच केलं. मग समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघतो आणि पाण्याच्या टँकरचा विषय काढतो.

ज्यांना विषय बदलायचा नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी शाळेत भूगोल शिकवत होते. आल्प्समधले लोक हिवाळ्यात गुरं गावातल्या गोठ्यात ठेवतात आणि उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर नेतात, हे मी इतक्या वर्गांना सांगितलं की ते बोलताना मनात भाजीचा विचारही करता यायचा. फळ्यावर खाली गाव काढायचं, वर कुरण काढायचं, मध्ये एक बाण. निवृत्त झाले, पुढच्याच वर्षी डावा गुडघा बदलून घेतला. तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या तो बाण डोक्यात शिरला. त्या बाणावरून कोणीतरी खरोखर चालत जात असणार. आपण त्याच्यावर मार्क दिले, पण तो पाहिला नाही.

बाण एका खेपेत दिसत नाही. गुरं खाली असताना एकदा आणि वर जाताना एकदा, असं दोनदा जावं लागतं. हे माझ्या दृष्टीने इतकं सरळ होतं की घरच्यांना समजावून सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

माझा मुलगा निखिल वारज्याला राहतो. तो म्हणाला, टूरबरोबर जा, सगळं नीट दाखवतात, जेवण आपलं असतं, आणि मुख्य म्हणजे तू एकटी नसतेस. नणंदेने विचारलं की या वयात बर्फात काय ठेवलंय. आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता सांगितलं, "जा. कुकर मला लावता येतो." आमच्या संसारातला हा सर्वांत भक्कम पाठिंबा.

मी रविवारच्या जर्मन वर्गाला नाव घातलं. वर्गात सगळी पंचविशीच्या आतली, नोकरीसाठी नाहीतर पुढच्या शिक्षणासाठी निघालेली. बाईंनी प्रत्येकाला कारण विचारलं. मी म्हटलं, गुरं बघायला. वर्ग हसला. मला हसायला परीक्षेच्या निकालापर्यंत थांबावं लागलं.

जानेवारी, खाली

गावाचं नाव हिंटरआउ. नकाशात शोधत बसू नका, लोकांनी तिथे रांगा लावू नयेत म्हणून मी ते बदललं आहे. टिरोल प्रांतातली एक अरुंद दरी, आगगाडी संपते तिथून पुढे पिवळी बस, आणि बस जिथे वळून परत फिरते तिथे हे गाव. एक चर्च, एक दुकान, अग्निशामक दलाची एक गाडी, आणि उतारावर पसरलेली लाकडी घरं.

मी ज्या घरात उतरले ते ट्राउडीचं. सत्तरी ओलांडलेली, उंच, खांदे रुंद, हातात काठी. वरच्या मजल्यावरच्या खोल्या ती पाहुण्यांना देते. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच गोठा. तिने दारात माझा हात हातात घेतला, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. लक्ष्मी रोडवर दुकानदाराने हे बूट बर्फातही चालतात असं छातीठोक सांगितलं होतं. ट्राउडी आत गेली, तिच्या बहिणीचे जुने जाड बूट आणि लोकरीचे मोजे घेऊन आली आणि माझे बूट उचलून माळ्यावर ठेवून आली. जाताना मागून घ्यावे लागले.

भाषेचं मात्र माझं पुरतं हसं झालं. वर्गात मी शुद्ध जर्मन शिकले होते. ट्राउडी बोलायची ती डोंगरातली बोली, निम्मी अक्षरं गिळलेली आणि उरलेली घशात घासलेली. पहिल्या दिवशी मी तिला अदबीने म्हटलं की आपण जरा शुद्ध बोलाल का. ती म्हणाली, मी शुद्धच बोलते आहे, पुस्तकवाले चुकीचं बोलतात. पुण्याच्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागणं, यापेक्षा बर्फ परवडला.

बर्फ मी पाहिला नव्हता असं नाही, चित्रांत खूप पाहिला होता. चित्रात त्याची शांतता येत नाही. सकाळी खिडकी उघडली की कानांना काहीतरी झालंय असं वाटायचं. मग गोठ्यातून साखळीचा आवाज यायचा आणि बरं वाटायचं. गोठ्यात पाऊल टाकलं की चष्मा धुक्याने भरायचा, इतकी ऊब. ट्राउडीच्या गाई राखाडी रंगाच्या, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखा काळा रंग. आपल्या खिलारची लांबची बहीण म्हणून खपून जातील. माझ्या फळ्यावरचं खालचं गाव ते हे. त्याला वास होता, वाफ होती, आणि शेणाचा ढीग बर्फात धुमसत होता.

जेवण चुलीवर. पहिल्या दिवशी सातूचं सूप, दुसऱ्या दिवशी शिळ्या पावाचा कुस्करा दुधात भिजवून, चीज घालून केलेले गोळे. ट्राउडी जरा संकोचून म्हणाली की हे गरिबाचं जेवण आहे, शिळं संपवायचं. मी तिला फोडणीची पोळी समजावून सांगितली. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही लोक शहाणे आहात. मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती लोणी लावलेल्या काळ्या पावावर पसरली, आणि त्यानंतर तो डबा माझ्या ताब्यात राहिला नाही.

त्या दरीत माणूस भेटला की 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. दुकानात, बसमध्ये, रस्त्यावर, सगळीकडे. अर्थ असा की देव तुझं भलं करो. मी प्रत्येक वेळी 'गूटन टाग' म्हणायचे, म्हणजे नुसता शुभ दिवस. काही दिवसांनी ट्राउडीने विचारलं की तुला आमचा नमस्कार जड जातो का. ती कणीक मळत होती, बाहेर बर्फ पडत होता, आणि घाई कोणालाच नव्हती. मी म्हटलं, तोंडाला जड जात नाही, पण मी देवाचं नाव घेऊन नमस्कार करत नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हापासून आमच्याकडे 'जय भीम' म्हणतात.

भीम कोण, हे तिने विचारलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मला जमेल तेवढं सांगितलं. आमच्या लोकांना शाळेत बाहेर बसवायचे, गावच्या तळ्याच्या पाण्याला हात लावू द्यायचे नाहीत, तिथून सुरुवात केली. तिचे हात थांबले.

"पाण्याला?" तिने विचारलं.

"पाण्याला."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात लाकडाची कोरलेली डोणी आहे, झऱ्याचं पाणी तिच्यात सतत पडत असतं. गाई पितात, कुत्री पितात, वाटसरू बाटल्या भरतात. ती पुन्हा मळायला लागली. मग म्हणाली की त्यांच्या बोलीत दुसराही एक नमस्कार आहे, 'ग्रीअस दी', म्हणजे तुला नमस्कार, देव मध्ये नाही. तो तू वापर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून बादल्या घेऊन येताना तिने मला दणदणीत आवाजात 'जय भीम' घातला. भ चा उच्चार तिला काही जमला नाही, पण जोर बरोबर होता.

त्याच घरात व्हिएन्नाहून स्कीइंगला आलेले एक निवृत्त गृहस्थ होते. योग शिकायला म्हणून भारतात येऊन गेलेले. न्याहारीच्या टेबलावर त्यांनी फार आदराने विचारलं की आपण शिक्षिका, म्हणजे आपली जात ब्राह्मण असणार. मी म्हटलं, नाही. मग कोणती, ते म्हणाले. मी म्हटलं, भूगोल. त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला. ट्राउडी चुलीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

निघायच्या थोडे दिवस आधी मी वरच्या वाटेने एकटीच गेले. वाट कुठे बंद होते ते पाहायचं होतं. जंगलाच्या कडेला लाकडी आडवा दांडा लावलेला, त्यापलीकडे बर्फ कमरेएवढा. पाहिलं, समाधान झालं, वळले आणि घसरले. गुडघा वाचवायच्या नादात मनगटावर आदळले. लाकडाचे ओंडके नेणाऱ्या एका माणसाने मला त्याच्या ट्रॅक्टरवर बसवून खाली आणलं. डॉक्टरांनी मनगट मुरगळल्याचं सांगून पट्टी बांधली.

संध्याकाळी निखिलने व्हिडिओवर ती पट्टी पाहिली. मोठ्याने बोलणारा मुलगा नाही तो. शांतपणे म्हणाला, झालं ना बघून, आता जूनचं डोक्यातून काढून टाक. फोन ठेवल्यावर ट्राउडीने तो काय म्हणाला ते विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, माझा मार्टिनही हेच बोलतो. मागच्या शरद ऋतूत ती अंगणात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं, तिथे आता धातू आहे. तेव्हापासून मार्टिनने ठरवून टाकलं होतं की या उन्हाळ्यात गुरं शेजारचा हान्स वर नेईल, वरच्या झोपडीत त्याचा माणूस राहील, आणि आई खाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचा एकही उन्हाळा खाली गेला नव्हता.

मग तिने माझ्या पट्टीवर हात ठेवला. "जूनमध्ये ये," ती म्हणाली. "दोघी वर जाऊ."

'विचारून सांगते' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. जन्मभर तेच म्हणत आले, आधी वडिलांना विचारून, मग सासूबाईंना, मग मुख्याध्यापकांना, आता निखिलला. मी म्हटलं, येते.

मधले दिवस, पुणे

फेब्रुवारीपासून मी रोज तळजाईच्या टेकडीवर जायला लागले. फिजिओथेरपीच्या बाईंनी आधी नाही म्हटलं, मग माझं तोंड पाहून व्यायामांचा तक्ता बदलून दिला. सोसायटीत बातमी पसरली की भूगोलाच्या मॅडम पुन्हा त्याच गावाला जाणार. एका शेजारणीने विचारलं की पहिल्या वेळी काही राहून गेलं का. मी म्हटलं, हो, उन्हाळा.

निखिल रुसला नाही, पण गप्प झाला. मला भांडण परवडलं असतं. विमानतळाच्या बसला सोडायला आला तेव्हा त्याने माझ्या हातात दोन्ही गुडघ्यांचे पट्टे ठेवले. बदललेला एकच आहे, हे त्याला माहीत होतं.

जून, वाट

तीच बस, तेच वळण, पण मी उतरले आणि आपण चुकलो की काय असं वाटलं. जिथे पांढरं होतं तिथे कमरेएवढं गवत, त्यात पिवळी आणि जांभळी फुलं. घरांच्या खिडक्यांत लाल जिरॅनियम. ट्राउडीच्या हातात काठी होतीच, पण ती आता टेकायला कमी आणि दाखवायला जास्त वापरत होती.

गुरं वर जायच्या आदल्या दिवशी मार्टिन शहरातून आला. चाळिशीतला, नीटनेटका, थकलेला माणूस. आई गोठ्यात असताना तो माझ्यासमोर बसला आणि इंग्रजीत बोलायला लागला. म्हणाला, तुम्ही शिक्षिका आहात, आई तुमचं ऐकते. तिला सांगा की जाऊ नकोस. मग त्याने सांगितलं की ती पडली त्या दिवशी दूध न्यायला येणाऱ्या माणसाला सापडेपर्यंत ती अंगणात पडून होती, ओठ निळे पडले होते. वर झोपडीजवळ तर दूधवालाही येत नाही. हे बोलताना त्याचा आवाज बदलला. तो खोटं बोलत नव्हता आणि मोठेपणाही करत नव्हता.

मी म्हटलं, तुमची भीती खरी आहे, पण मी तिला हे सांगणार नाही. त्याने विचारलं, का. मी म्हटलं, कारण पुण्यात माझा मुलगा आत्ता हेच सांगायला माझ्यासाठी कोणीतरी शोधत असेल, आणि त्या माणसाने नाही म्हणावं अशी माझी इच्छा आहे. त्याला हे आवडलं नाही. आवडावं असं ते नव्हतंच.

सकाळी गाईंच्या गळ्यात घंटा बांधल्या. हिवाळाभर साखळीला असलेल्या त्या गाई अंगणात येताच वासरांसारख्या उड्या मारायला लागल्या. हान्स पुढे, त्याचा कुत्रा बाजूला, आणि सगळा कळप घंटांच्या गदारोळात रस्त्याला लागला. तेवढ्यात ट्राउडी दारात आली. पायात बूट, पाठीवर पिशवी, डोक्याला रुमाल. मार्टिनने फाटक लावून घेतलं आणि तो त्यापुढे उभा राहिला. "मामा, नाइन," तो म्हणाला. आई, नाही.

ती त्याच्यासमोर जाऊन थांबली. आवाज चढवला नाही.

"मार्टिन, बाजूला हो. गुरं पुढे गेली."

तो बराच वेळ हलला नाही. मग बाजूला झाला, गाडीत बसला आणि शहराच्या दिशेने निघून गेला. ट्राउडीने वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. आपण या दोघांत यायला नको होतं का, हा विचार फाटकाबाहेर पडताना माझ्याबरोबर होता.

आम्हा दोघींचे मिळून पाय चार, त्यांतले दोनच पूर्ण जन्मजात. कळप लवकरच दिसेनासा झाला. जंगलात वरून नुसत्या घंटा ऐकू यायच्या, वळणावळणाने कधी डावीकडून, कधी उजवीकडून. जानेवारीतला तो आडवा दांडा आता उघडा होता. पुढे देवदारासारखी उंच झाडं, मुळांच्या पायऱ्या, ओढ्यावर टाकलेली फळी. ट्राउडी थांबून थांबून सांगायची, इथे सासऱ्याने सापाला मारलं, इथे मार्टिन लहानपणी बसून राहिला आणि पुढे येईना. मी घरून आणलेली धपाटी काढली, तिने पिशवीतून धुरावलेलं डुकराचं मांस आणि चीज. वाटेवरच्या दगडावर बसून आम्ही दोन्ही एकमेकांत गुंडाळून खाल्लं. असा पदार्थ कोणत्याही टूरवाल्याला देता येणार नाही.

झाडं संपली तिथे आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. जवळच गवत साठवायची एक लाकडी खोपटी होती, तिच्यात शिरलो. गारा थांबल्या तेव्हा मी उठले, ट्राउडी उठली नाही. तिचा खुबा आखडला होता. तिने दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्या वेळी तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला अजून आठवतो.

मी घाबरले, हे लिहायलाच हवं. फोन काढला, रेंज नव्हती. मार्टिनचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याने जे होईल म्हटलं होतं ते झालं, आणि मी हट्टाने नाही म्हटलं होतं. मी तिला म्हटलं, मी खाली जाऊन माणसं आणते. ती म्हणाली, खाली गेलीस तर मी कायमची खाली. ती रडत नव्हती, पण तिने माझी बाही धरून ठेवली होती.

मग मला कर्वेनगरच्या फिजिओथेरपीच्या बाई आठवल्या. ऑपरेशननंतर त्यांनी मला जे जे करायला लावलं होतं, ते सगळं मी ट्राउडीला करायला लावलं. गवतावर उताणी झोपवली. ओल्या कपड्यांवर माझी शाल टाकली. मांडीला बाम चोळला. टाच घसटत पाय जवळ घे, लांब कर, श्वास धरू नकोस. ती आपल्या बोलीत मला शिव्या देत होती, आणि पहिल्यांदाच मला तिचा शब्द न् शब्द कळत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. केव्हातरी ती माझ्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली. पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

दार उघडं होतं. तिथून वाट खालीही जात होती आणि वरही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आम्ही वर वळलो.

झोपडीपाशी पोचलो तेव्हा कुरणावर उन्हं तिरपी झाली होती आणि गाई बांधलेल्या होत्या. हान्सने आमच्याकडे, आमच्या कपड्यांकडे, ट्राउडीच्या पायाकडे पाहिलं.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"झाला," ट्राउडी म्हणाली. त्याने चुलीवर कॉफी ठेवली.

वर

मी दोन दिवस राहणार होते. पण ट्राउडीचा पाय सुजला होता आणि धार काढायला तिला खाली बसता येईना. हान्सला त्याची स्वतःची गुरं होती, त्याचा माणूस आता झोपडीत न राहता सकाळ-संध्याकाळ धार काढून पलीकडच्या कुरणावर परत जायचा. मधलं सगळं कोण करणार हे कोणी बोललं नाही. मी हातात फावडं घेतलं.

गाई आणायच्या, बांधायच्या, शेण काढायचं, तांब्याच्या हंड्यातलं दूध ढवळायचं. ट्राउडी बाकावर बसून काठीने हुकूम सोडायची. एका गाईने मला दुसऱ्याच दिवशी पोटरीवर लाथ मारली, उजव्या, म्हणजे माझ्या स्वतःच्या. कुरणाला संध्याकाळी असा रंग यायचा की हातातलं काम थांबायचं. पलीकडच्या शिखरांवर बर्फ गुलाबी व्हायचा, खाली दरीत अंधार भरत जायचा, आणि चर्चची घंटा पाण्यातून आल्यासारखी वर यायची.

रेंज मिळायची ती झोपडीमागच्या एका मोठ्या खडकावर. मार्टिन माझ्या फोनवर रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा. आई कशी आहे, जेवते का, पाय कसा आहे. मी खडकावर उभी राहून उत्तरं द्यायचे. तिच्याशी बोलतो का म्हटलं की तो म्हणायचा, ती बोलणार नाही. ट्राउडीला विचारलं की ती म्हणायची, त्याला बोलायचं असेल तर बोलेल. दोघांमधली तार म्हणून मी तिथे उभी.

त्याच खडकावरून मी निखिलला सांगितलं की मला यायला उशीर होईल. का, तेही सांगितलं. मग म्हणाला, "आई, पणजीने दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढलं. आजोबांनी तुम्हाला त्यातून बाहेर काढलं. आणि तू तिकडे जाऊन दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढतेस?"

हा प्रश्न काळजीचा नव्हता आणि तो मला लागला. फावडं हातात घेताना पहिल्या सकाळी मलाही तो पडला होता. मी खाली बसले.

मी म्हटलं, "माझ्या आजीला दुसरं काही करू दिलं नाही म्हणून तिने काढलं. मी काढते, कारण मला काढायचं आहे, आणि नको वाटेल तेव्हा फावडं ठेवून निघून येईन. या दोन्हीत फरक आहे, निखिल. त्या फरकासाठी तुझे आजोबा शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले. तो वापरला नाही तर मिळवला कशाला?"

मी पुढे म्हटलं की तुझ्या काळजीचा मला राग नाही, पण तू काळजी करतोस म्हणून मी घरी बसणार नाही, हे आता एकदा धरून चाल. त्याने बरं म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, लाथ मारणाऱ्या गाईचं नाव काय. मी कळवलं, ग्रेटा. मग आमच्या ह्यांचा आला, कुकरच्या शिट्टीचं रबर कुठे मिळतं.

हळूहळू ट्राउडीची सूज उतरली. एका संध्याकाळी ती बाकावरून उठली, तीन पायांचं स्टूल उचललं, ग्रेटाच्या पोटाला डोकं टेकवून बसली, आणि बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. मी दारात उभी होते. तिने मान न वळवता सांगितलं की तुझं जर्मन सुधारलंय, आता ते शुद्ध वाटत नाही.

निघायच्या सकाळी मी पिशवी पाठीला लावून गोठ्यात गेले. काय बोलायचं ते मनात नीट जुळवून ठेवलं होतं, विभक्त्यांसकट. ती धार काढत होती. तिने एक हात गाईच्या अंगावरून काढून माझा हात घट्ट दाबला आणि सोडला.

"दार ओढून घे," ती म्हणाली. "वासरू बाहेर पडेल."

मी दार ओढून घेतलं.

उतरताना मी एकटीच होते. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त छळतो, म्हणून मी आडवी पावलं टाकत, काठीवर भार देत, थांबत थांबत आले. जंगलात एक तरुण जोडपं वर येताना भेटलं. त्यांनी विचारलं, तुम्ही एकट्याच आहात का, मदत हवी का. मी म्हटलं, एकटीच आहे, आणि नको.

बसच्या थांब्यापाशी मार्टिनची गाडी उभी होती. मी आज उतरणार हे त्याला फोनवर कळलं होतं. त्याने माझी पिशवी घेतली, स्टेशनपर्यंत सोडतो म्हणाला. मी म्हटलं, बस येतेच आहे. तो जरा वेळ किल्ल्या हातात खेळवत राहिला. मग त्याने रोजचा प्रश्न विचारला.

"आई कशी आहे?"

"वर जाऊन विचारा," मी म्हटलं.

बस आली. मी खिडकीजवळ बसले. बस वळण घेत होती तेव्हा काचेतून पाहिलं. गाडीचं मागचं दार उघडं होतं, मार्टिन त्याच्या काठावर बसला होता, शहरातले बूट बाजूला काढून ठेवलेले, आणि खाली वाकून तो डोंगरातल्या बुटांच्या नाड्या बांधत होता.